कम्युनिटी सेंटरमधली मॉन्टेसरी: ताई भारी, घड्याळ मात्र आडवं येतं

मुलगी तीन वर्षांची झाल्यापासून आम्ही तिला एका कम्युनिटी लर्निंग सेंटरच्या मॉन्टेसरी वर्गात पाठवतोय, आणि आता एवढा काळ झालाय की मत द्यायला हरकत नाही. सेंटरचं नाव टाकत नाही, कारण खाली दोन-तीन खटकलेल्या गोष्टी पण लिहिणार आहे आणि ती मंडळी खरंच मनापासून काम करतात, उगाच कुणाचं मन मोडायला नको. रेटिंग विचाराल तर पाचपैकी चार. एक कापला तो वेळेपायी, त्याचं पुढे सांगतो.

आधी जागेबद्दल. स्वतंत्र शाळेची इमारत वगैरे काही नाही, एक मोठा हॉल आणि त्याला लागून एक छोटी खोली. सकाळी छोट्यांचा वर्ग, दुपारी मोठ्या पोरांचा अभ्यास, संध्याकाळी मोठ्यांचे कॉम्प्युटरचे नाहीतर भाषेचे क्लास, आणि मधेच कुणाची तरी मीटिंग. त्यामुळे मॉन्टेसरीची सगळी कपाटं चाकांवर आहेत, वर्ग संपला की भिंतीला लावून त्यावर जाड कापड टाकतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बायको म्हणाली हे काय, तमाशाचा तंबू आहे का रोज उभा करायचा आणि रोज उतरवायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर सगळं जिथल्या तिथे, ट्रे त्याच क्रमाने, चटया त्याच कोपऱ्यात गुंडाळून उभ्या. मुलांना वस्तू कुठे आहे ते विचारावं लागत नाही आणि मॉन्टेसरीत हे खूप महत्त्वाचं असतं, कारण मुलाने स्वतः उठून साधन आणायचं, वापरायचं आणि पुन्हा तिथेच ठेवायचं असा सगळा कारभार आहे.

एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते म्हणून सांगतो, मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. ही पद्धत काढणाऱ्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरीने स्वतः मुलगा मारिओच्या सोबतीने 1929 साली असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल काढली, ती ट्रेनिंग देते, वर्ग कसा असावा ते सांगते, ते सगळं आहे, पण बोर्डावर मॉन्टेसरी लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. भिंतीवर कार्टून, बाकावर ओळीने बसलेली पोरं, समोर फळा आणि बाहेर बोर्ड मॉन्टेसरीचा, असंही सर्रास चालतं. म्हणून कम्युनिटी सेंटर म्हटल्यावर मला आधी डाउटच होता की स्वस्तात काहीतरी गुंडाळलं असणार. तसं निघालं नाही.

आणि खरं बघायला गेलं तर या पद्धतीची सुरुवातच अशा जागेत झालीय. 6 जानेवारी 1907 ला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामगारांच्या चाळवजा इमारतीतल्या एका खोलीत मॉन्टेसरींनी छोट्या मुलांचा पहिला वर्ग उघडला. का, तर आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं जिने-भिंती खराब करायची आणि इमारतवाल्यांना त्याचा वैताग आला होता. म्हणजे मुळात पोरं सांभाळायची सोय हवी होती, शिक्षणात क्रांती वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हती! तिथला नियम होता की शिकवणाऱ्या बाईंनी त्याच इमारतीत राहायचं आणि आयांनी आठवड्यातून एकदा तरी येऊन त्यांच्याशी बोलायचं. पुढे आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बालवाडी गरीब वस्त्यांच्या, आदिवासी पाड्यांच्या अंगणापर्यंत नेली ती याच अंगाने. त्यामुळे आज मॉन्टेसरी म्हटलं की चकाचक लाकडी फर्निचर आणि पैसेवाल्यांची पोरं असं जे डोळ्यासमोर येतं ते नंतरचं सगळं. कम्युनिटी सेंटरमध्ये ही पद्धत घरी परत आल्यासारखीच आहे.

आता खरं मटेरियल, म्हणजे तिथल्या ताई. दोन ताई आहेत, एक मुख्य आणि एक मदतनीस, आणि मुख्य ताईंचं ट्रेनिंग झालेलं आहे हे त्यांनी न सांगताही कळतं. कशावरून? त्या काही करत नाहीत यावरून. हसू नका, सिरियसली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघितलंय. एक छोटा मुलगा एका चंबूतून दुसऱ्या चंबूत पाणी ओतत होता, ट्रे भरून पाणी सांडलं, टेबलावरून खाली ओघळायला लागलं, माझा हात आपोआप पुढे गेला. ताई जागच्या हलल्या पण नाहीत, नुसतं बघत होत्या. पोराने खाली बघितलं, ताईंकडे बघितलं, मग उठून स्पंज आणला, पुसलं, वाटीत पिळला, परत पुसलं, आणि पुसण्यातच इतका रमला की ओतायचं राहूनच गेलं. पाच-सात मिनिटं टेबल पुसणं चालू, कोरडं झालेलं टेबल सुद्धा. घरी आपण काय करतो, अरे अरे सांडलं म्हणत फडकं घेऊन धावतो आणि पोराच्या हातातलं काम काढून घेतो. चंबू काचेचे आहेत बरं का, प्लास्टिकचे नाहीत. फुटतात कधीकधी. फुटलं तर फुटतं हे कळावं म्हणूनच काचेचे ठेवतात.

दुसरं, शिकवताना बोलणं अगदी कमी. दट्ट्यांची पेटी म्हणजे भोकं असलेला लाकडी ठोकळा आणि त्यात बसणारे लाकडी दट्टे, त्यावरून आमच्या मुलीला जाड-बारीक शिकवताना ऐकलंय. पेटीतले दोन टोकाचे दट्टे काढून समोर ठेवले. एकाला हात लावून म्हणाल्या, "हा जाड." दुसऱ्याला, "हा बारीक." थोड्या वेळाने, "जाड कुठला, दे बरं मला." मग, "बारीक माझ्या हातावर ठेव." आणि अगदी शेवटी एकच दट्टा समोर धरून, "हा कसा आहे?" बस, संपला धडा. मुलीने दुसऱ्या पायरीला चुकीचा दट्टा दिला असता तर त्यांनी "नाही, चूक" म्हटलं नसतं, हसून साधन ठेवून दिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून घेतलं असतं, हे असं मी दुसऱ्या एका मुलाबाबत होताना बघितलंय. याला तीन पायऱ्यांचा पाठ म्हणतात आणि ही कल्पना मूळ सेग्वँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरची, मॉन्टेसरी स्वतः पण डॉक्टरच ना, 1896 ला रोम विद्यापीठातून डॉक्टर झालेल्या, आणि मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी सेग्वँचं सगळं अभ्यासलं होतं.

त्या दट्ट्यांच्या पेटीचं मला विशेष कौतुक आहे. लाकडी ठोकळ्यात दहा भोकं आणि दहा दट्टे, असे चार ठोकळे. एकात फक्त जाडी बदलते, एकात फक्त खोली, असं. मुलगी सुरुवातीला कुठलाही दट्टा कुठेही घालायची. बारीक दट्टा मोठ्या भोकात आरामात जातो, त्यामुळे वाटतं जमतंय जमतंय, आणि शेवटी हातात एक जाडा दट्टा उरतो आणि भोक उरतं चिमुकलं. तिथे कुणी लाल पेनाने फुली मारायला येत नाही, दट्टाच सांगतो की मागे कुठेतरी गडबड आहे. मग ती सगळे काढून परत लावते. सान लोरेन्झोमध्ये एका साधारण तीन वर्षांच्या मुलीने हेच चाळीसहून जास्त वेळा केलेलं मॉन्टेसरींनी लिहून ठेवलंय, आजूबाजूला पोरं गाणी म्हणत होती, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं तरी तिने दट्टे मांडीवर घेऊन काम चालूच ठेवलं. आमची एवढी काही करत नाही, पण लागोपाठ बऱ्याच वेळा करते आणि त्या वेळी हाक मारली तरी ऐकू येत नाही तिला.

बाकी साधनं ठीकठाक. गुलाबी मनोरा, तपकिरी जिना, लांब दांड्या, रंगांच्या पट्ट्या, सँडपेपरची अक्षरं, बटणं आणि नाड्यांच्या चौकटी, सोनेरी मणी सगळं आहे. प्रत्येक साधन एकच असतं वर्गात, हे मुद्दाम असतं, कंजूषी नाही. दुसऱ्याने वापरायला घेतलं असेल तर थांबायचं नाहीतर बसून बघायचं. सुरुवातीला यावरून आमच्या कन्येने भोकाड पसरलंय, नंतर नंतर थांबायला लागली आणि घरी पण "तुझं झालं की मला दे" असं म्हणते, निदान दहातून चार वेळा तरी.

गुलाबी मनोऱ्याचं मात्र एक दुखणं आहे. दहा घन असतात, सगळ्यात मोठा 10 सेंटीमीटरचा आणि सगळ्यात छोटा 1 सेंटीमीटरचा. तो छोटा हरवला. हरवतोच, प्रत्येक ठिकाणी तोच हरवतो, एवढासा तर असतो. एका पालकाने हौसेने लाकडाचा करून रंगवून दिला, माप बरोबर पण रंग जरा गडद आला. आता म्हणाल त्यात काय एवढं. पण सगळे घन एकाच रंगाचे असतात ते यासाठी की मुलाचं लक्ष फक्त आकारमानावर जावं, दुसरं काही वेगळं नकोच. आता पोरं तो गडद ठोकळा आधी ओळखतात रंगावरून आणि बाजूला काढून ठेवतात. ताईंना हे दिसतंय, त्यांनी सेंटरच्या कमिटीला सांगितलंय, कमिटी म्हणते पुढच्या खरेदीत बघू. कम्युनिटी सेंटर म्हटलं की हे आलंच, मालक कुणी एक नसतो आणि प्रत्येक गोष्ट "पुढच्या मीटिंगला".

देणगीतली खेळणी हा अजून एक विषय. लोक चांगल्या मनाने आणून देतात, आवाज करणाऱ्या गाड्या, प्लास्टिकची पझल, रंगवायची पुस्तकं, आणि नाही म्हणायचं कसं म्हणून कमिटीने एक रॅक त्यासाठी ठेवलाय, तोही त्याच हॉलमध्ये. मुलं साहजिक तिकडे वळतात. अमेरिकेतल्या अँजेलिन लिलार्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2012 मध्ये यावर काम केलंय, जिथे फक्त मॉन्टेसरीचीच साधनं होती तिथली मुलं वर्षभरात जास्त पुढे गेली, आणि जिथे मॉन्टेसरीत पझल-वर्कशीट वगैरे मिसळलं होतं तिथे तेवढा फरक दिसला नाही. हे मी पालकसभेत बोललो तर दोन जणांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोरांच्या खेळण्यावर बंदी आणतोय. रॅक निदान शेजारच्या खोलीत हलवा एवढंच म्हणणं होतं हो.

आता घड्याळ. मॉन्टेसरीचा वर्ग सलग तीन तासांचा असावा असं मानतात, मधे घंटा नाही, पिरियड नाही, सगळ्यांनी एकदम गोलात बसून गाणी म्हणायचा ब्रेक नाही. याला कारण आहे. सकाळी पोरं आली की आधी सोपं, ओळखीचं काहीतरी घेतात. तास-दीड तासाने वर्गात गलबला होतो, पोरं हिंडतात, एकमेकांना त्रास देतात, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कंटाळली, आता आवरा. मॉन्टेसरी म्हणतात हा खरा थकवा नाहीच, थोडं थांबा, आणि खरोखर थोड्या वेळाने मुलं दिवसातलं सगळ्यात अवघड काम उचलतात आणि त्यात बुडून जातात. म्हणजे पहिले दोन तास तयारीचे आणि माल सगळा शेवटच्या तासात.

आमच्या सेंटरला हॉल सव्वादोन तास मिळतो. त्यात येणं, चपला लावणं, शेवटची आवराआवर धरली तर दोन तास सुद्धा हाती लागत नाहीत. गलबला होतो आणि पोरं पुन्हा बसायला लागतात ना लागतात तोवर आवरायची वेळ. एकदा एक पाच वर्षांचा मुलगा सोनेरी मणी मांडत होता, सुटे मणी, दहाच्या माळा, शंभराचे चौकोन, हजाराचा घन, अख्खी चटई भरून चार आकडी संख्यांची बेरीज चाललेली. एकक जुळवले, दहा मण्यांची एक माळ बदलून घेतली, दशकावर आला आणि मदतनीस ताई आवरूया म्हणत कपाट ओढायला लागल्या, कारण बाहेर दुपारच्या बॅचची पोरं दाराशी येऊन उभी. त्याने काही आरडाओरडा केला नाही, फक्त चटईवर हात पसरून बसला, कुणी उचलू नये म्हणून. मुख्य ताईंनी चिठ्ठीवर त्याचं नाव लिहून ते सगळं एका ट्रेमध्ये जसंच्या तसं ठेवायचा प्रयत्न केला, पण चाकाच्या कपाटात हजाराचा घन आणि सुटे मणी कसले जसेच्या तसे राहतात.

याच्यात ताईंचा दोष नाही आणि खरं तर कमिटीचाही पूर्ण नाही, हॉल एक आणि मागणारे चार. पण पाऊण तास अजून मिळाला तर हा वर्ग कुठल्या कुठे जाईल. आम्ही काही पालकांनी लिहून दिलंय की दुपारची बॅच पाऊण तास उशिरा घ्या नाहीतर सकाळची लवकर उघडा. लवकर उघडायची तयारी ताईंची आहे, किल्लीवाल्यांची नाही. बघू.

स्वयंसेवकांबद्दल पण लिहायला हवं. सेंटर असल्यामुळे मदतीला कुणी ना कुणी येत असतं, कॉलेजची मुलं, रिटायर्ड मंडळी. चांगलं आहे, पण नवीन आलेला माणूस हमखास दोन गोष्टी करतो. पोरगं मनोरा रचत असतं त्याच्या शेजारी बसून "व्वा शाब्बास, किती छान!" आणि दुसरं म्हणजे "हा नाही, तो घे." दोन्हीमुळे पोरगं मान वर करतं आणि काम तिथे तुटतं. ताई हल्ली नव्या माणसाला पहिला आठवडा नुसतं बसून बघायला सांगतात. एक आजोबा मात्र उत्तम, ते येतात, चटईवर नाड्यांची चौकट घेऊन स्वतःच बसतात आणि हळूहळू गाठी सोडतात-बांधतात, तीन-चार पोरं आपोआप शेजारी येऊन बघत बसतात.

तीन ते सहा अशी सगळ्या वयाची पोरं एकत्र आहेत, हे मला आधी खटकलं होतं, मोठी पोरं छोट्यांना दाबतील वगैरे. उलट मोठ्यांना छोट्यांसमोर भाव खायला मिळतो म्हणून ती जास्त नीट वागतात, आणि छोटी त्यांचं बघून निम्मं शिकतात. आमच्या मुलीला कोटाची बटणं लावायला कुणी मोठ्याने शिकवलं नाही, एका पाच वर्षांच्या ताईने शिकवलं, आणि शिकवताना ती ताईंसारखंच हळूहळू हात फिरवत होती, बोलत काही नव्हती.

घरच्यांची एक कायमची तक्रार, वही कुठाय, गृहपाठ कुठाय, आज काय शिकवलं? ताई वहीत प्रत्येक मुलाची नोंद ठेवतात, कुठलं साधन घेतलं, किती वेळ बसलं, कुणाबरोबर होतं, विचारलं की दाखवतात. पण स्टार, स्टिकर, नंबर असलं काही नाही, बक्षीस नाही आणि शिक्षा पण नाही. ज्यांना रोज संध्याकाळी वहीत एबीसीडीचं पान बघितल्याशिवाय झोप येत नाही त्यांनी इथे घालू नये, स्पष्ट सांगतो, दोघांनाही त्रास. तसंच बाहुल्या, घर-घर, राजा-राणी असल्या कल्पनेच्या खेळांना वर्गात फारशी जागा नाही, ही मॉन्टेसरीवर जुनी टीका आहे आणि मला ती थोडी पटते. आम्ही ती कसर घरी भरून काढतो, रोज संध्याकाळी मी पेशंट असतो.

ज्यांना घालायचंय त्यांनी आधी एक सकाळ वर्गात बसून बघायची परवानगी मागा, इथे देतात, फोन बाहेर ठेवावा लागतो आणि खुर्चीवरून उठायचं नाही. बसलात तर कपाटातली साधनं मोजत बसू नका. दीड तासाच्या आसपास वर्गात गडबड सुरू होईल, तेव्हा ताई काय करतात ते बघा. टाळ्या वाजवून सगळ्यांना गोलात बसवलं तर वेगळी शाळा शोधा, आणि नुसत्या एखाद्या पोराजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी विचारून परत जागेवर गेल्या तर फॉर्म भरा. फॉर्म ऑफिसच्या खिडकीत मिळतो, आणि त्यात शेवटी "पालक काय मदत करू शकतील" असा रकाना आहे तो रिकामा सोडू नका, सुतारकाम येणाऱ्या माणसाची सध्या फार गरज आहे.